हॉलमधला कोनाडा

रविवार, संध्याकाळ

नव्या घराच्या हॉलमध्ये मिस्त्रीने मोठा कोनाडा सोडला आहे. तिथे फिश टँक बसवायचा की बार, तेच ठरत नव्हतं. आज दीर रसमड्याहून मुद्दाम आले. "वहिनी, तिथे नळ आहे, ड्रेनेज आहे. बारच शोभते. मासे कोण पाहून राहिलं?"

यांनी दारू किती कष्टाने सोडली, भावाला माहीत नाही का? कोनाड्याकडे बघत मी म्हटलं, "बार होणार नाही."

"कावून? दादा तर आता पीत नाही. पाहुण्यांसाठी होईल."

तेव्हा हे हळूच बोलले. "पीत नाही, पण रोज मन होते रे. बाटली समोर दिसली तर मी थांबणार नाही. मले मासेच पाहिजेत."

रोज? मला कधी सांगितलं नाही. मी समजत होते, सुटली म्हणजे सुटली.

दीर चहा अर्धा टाकून गेले. राग आला तर येऊ दे. मिस्त्रीला लगेच फोन केला, उद्याच काचेचं माप घे म्हणून. मग यांना विचारलं, "आताही मन होऊन राहिलं?"

"हो."

मी चप्पल घातली. "चला, सेक्टर टूपर्यंत चालून येऊ."

गेलो. बरंच चाललो.