आरतीच्या चालीत सात प्रकार

शुक्रवार, ८ सप्टेंबर २०००. कळमनुरी

आज गणपतीसमोर फजिती झाली. सोमवारी विशेष शिक्षिकेची परीक्षा, म्हणून कायद्यात दिलेले अपंगत्वाचे सात प्रकार मी आरतीच्या चालीत बसवलेत. भाकऱ्या थापताना तेच म्हणते. संध्याकाळी गल्लीतल्या बाया जमल्या, आरती सुरू झाली, आणि दुसऱ्या कडव्याला माझ्या तोंडून निघालं, अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठरोगमुक्त...

टाळ्या थांबल्या. सासूबाई कडाडल्या, "देवापुढं काय गाऊन राहिली गं? बाटवली आरती!"

बाटवली? काहून? अशी लेकरं देवानं नाही तर कुणी घडवली? माझ्या लेकीला, सुमीला, ऐकू येत नाही. शाळेतले गुरुजी म्हणाले, हिला शिकवणारं इथं कुणी न्हाई. मग मीच शिकणार. मॅट्रिकनंतर चौदा वर्षं पुस्तक हातात धरलं नव्हतं. नुसतं वाचून काही ध्यानात राहत नाही, चालीत मात्र एकही नाव सुटत नाही.

म्हणून थांबलेच नाही. श्रवणदोष, अस्थिव्यंग, मतिमंदत्व, मानसिक आजार, सातही म्हटले आणि मगच आरतीवर आले. देवाला राग आला असेल तर त्यानं माझ्यावर काढावा.

टाळ्या सगळ्यांच्या थांबल्या होत्या. सुमीच्या नाहीत. माझ्या ओठांकडं बघत ती एकटी वाजवत राहिली. ठेका एकदाही चुकला नाही.