सुहासचा प्रोग्राम

भोर, मंगळवार, रात्र.

जुना संगणक बंद पडल्यापासून हिने गोळी घेतलेली नव्हती. आमच्या हातची घेत नाही. सुहासच्याच आवाजाची वाट पाहते. आपला मुलगा गेला, हे हिच्या ध्यानात राहत नाही.

त्याने आईसाठी लिहिलेला सी भाषेतला प्रोग्राम वेळ झाली की त्याचा आवाज ऐकवी. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा नव्या संगणकावरचा कंपायलर तो स्वीकारीना. मेन फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रामच्या मुख्य भागाच्या, पोटात दुसरे फंक्शन लिहिलेले त्याला चालत नाही. जुन्याला चालत होते! सुहासच्या लेखनातला स्वल्पविरामही मी हलवू देणार नव्हतो.

सूनबाई म्हणाली, "मामा, शुद्धलेखन ऱ्हाऊ द्या. आईंची गोळी चुकतीय. तुमी काढा बाहेर, न्हाईतर मी काढते."

मीच काढले. आतल्या फंक्शनला गोळीची वेळ मेनमधून आपसूक मिळे. बाहेर काढल्यावर ती वेगळी पुरवावी लागली. जुन्याला मात्र चालत होते.

संध्याकाळी सुहास बोलला, "आई, गोळी घे गं."

"व्हय रे, घेते." हिने घेतली. मग सुनेला म्हणाली, "त्याचं ताट वाढ. भुकेला आसंल."

सूनबाईने वाढले. ते ताट समोर आहे. उचलावे कोणी?