कोरा टॉवेल

३ मार्च
परत तेच! कॉम्प्युटर म्हणतो, "हा ऑब्जेक्ट एक्सएमएल फाईलमध्ये लिहिता येत नाही." का येत नाही? गप्प! दोन तास डोकं फोडल्यावर कळलं — कोडमध्ये ‘रिकामा कन्स्ट्रक्टर’ नावाची एक जास्तीची ओळ लागते म्हणे. एवढ्यासाठी माझा डबा राहिला. असो, फाईल तयार होतेय. माझा पहिला प्रोग्राम! कारखान्यातली ग्राफ पेपरवरची टॉवेलची डिझाईन्स आता कॉम्प्युटरवर. मालक खूश.

४ मार्च
डिझाईनवाले मल्लिनाथ मास्तर दिवसभर मोर भरत होते. साठीचा माणूस, एका बोटानं, एकेक चौकट. संध्याकाळी स्क्रीनवर मोर असा देखणा की मीच बघत राहिले.

५ मार्च
सकाळी उघडलं तर टॉवेल कोरा! नाव आहे, लांबी-रुंदी आहे, मोर गायब. मास्तर म्हणतात, "शेव केलं की. लई येळा केलं." मग काय उडून गेला?

कारण सापडलं. सुटताना मास्तर मागाला करतात तसा कॉम्प्युटरला नमस्कार करतात आणि भिंतीवरचं बटणच बंद करतात! तौबा! दहा वेळा समजावलं. "बरं सना," म्हणाले आणि मोर पुन्हा भरायला बसले.

७ मार्च
परत कोरा! आज मी ओरडलेच, सगळ्यांसमोर. मालकांनी विचारलं, प्रोग्राममध्ये तर काही नाही ना? मी ठणकावून सांगितलं — प्रोग्राम बरोबर आहे, मास्तर ऐकत नाहीत. मास्तर नुसते चष्मा पुसत बसले.

८ मार्च
मालकांनी मास्तरांना घरी बसवलं. "वय झालं, आता जमत न्हाय त्यांना." तीस वर्षं काढली त्यांनी इथं. मला वाईट वाटलं.

९ मार्च
मोर मी स्वतः भरला. स्वतः सेव्ह केला. बटणाला कुणाचा हात नाही. प्रोग्राम बंद करून उघडला — कोरा!!

मग फाईलच उघडून वाचली. मोराच्या चौकटींच्या ओळींचा पत्ता नाही. त्या ओळींची यादी मी कोडमध्ये ‘प्रायव्हेट’ ठेवलेली, आणि फाईल लिहिणारा हा शहाणा फक्त ‘पब्लिक’ म्हटलेलं तेवढंच लिहितो. बाकीचं गुपचूप गाळतो. एरर नाही, काही नाही! एक शब्द बदलला, मोर आला. हे पहिल्याच दिवशी बघायला काय झालं होतं मला?

कुणाला कळणारही नाही.

१० मार्च
आज सांगायचं होतं. नाही सांगितलं. जेवण गेलं नाही.

११ मार्च
मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मास्तर उद्यापासून परत कामावर. मी नाही.