माझ्यामागे यांच्याबरोबर कोण वाचणार

मी, सौ. शकुंतला धनाजी सपकाळ, वय वर्षे ६६, धंदा बॅगा शिवणे, राहणार कुपवाड, तालुका मिरज, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मन मात्र गेले दोन आठवडे एका जागी नाही. हे लपवत नाही, कारण उद्या कोणी म्हणेल की बाई घाबरून काहीबाही लिहून गेली. सोमवारी मिरजेला माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. घाबरले आहे हे खरं, पण लिहिते आहे ते विचार करून.

हे मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिल्या खेपेला घर आधी आलं आणि माणूस नंतर, म्हणून फाडलं. दुसऱ्यात सगळा रागच उतरला. वकील रेश्माताईंनी ते तसंच परत दिलं.

कलम १. माझे पती. माणूस मृत्युपत्रात कोणाच्या नावे करता येत नाही असं रेश्माताई म्हणाल्या. तरी सुरुवात यांच्यापासूनच करते. आम्हांला मूल नाही. यांनी फौजेत बावीस वर्षं काढली, हवालदार म्हणून निवृत्त झाले, मग कुपवाडला एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षेचं काम केलं. बोलायला लय भारी माणूस. गेटवरून जाणाऱ्या प्रत्येकाचं गाव, आडनाव, गाडीचा नंबर यांना पाठ असायचा. चार वर्षांपूर्वी सकाळी दाढी करताना यांच्या हातातून वस्तरा पडला. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला, चालणंही परत आलं, पण बोलणं गेलं. एकच शब्द उरला, ‘व्हय’. चहा हवा असला तरी व्हय, नको असला तरी व्हय. डोक्यात सगळं जागेवर आहे. तोंडातून मात्र एवढंच येतं. आणि उजव्या बाजूचं दिसत नाही.

यांना सांभाळणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं, की यांच्या ‘व्हय’चा अर्थ हो असा धरायचा नाही.

कलम २. पुस्तके. माझ्या भावाची मुलगी ओवी साताऱ्याला फिजिओथेरपिस्ट आहे. दवाखान्यात ती यांच्या उशाशी डाव्या बाजूला बसायची आणि फावल्या वेळात आपली जपानी चित्रांची पुस्तकं वाचायची. त्यांना मांगा म्हणतात. मला तेव्हा वाटलं होतं, एवढी शिकलेली पोरगी आणि पोराटोरांची पुस्तकं वाचते. यांनी तोवर वर्तमानपत्र दोनदा जमिनीवर टाकलं होतं. त्या दिवशी यांनी ओवीच्या पुस्तकावर डावं बोट ठेवलं आणि उचललं नाही. तिने पान उलटलं, बोट पुढच्या चित्रावर गेलं.

डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं. आपण डावीकडून वाचतो, तर यांच्यासाठी पुढचा प्रत्येक शब्द न दिसणाऱ्या बाजूला असतो. ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे जातात. पुढचं चित्र यांना दिसतं.

मी शिकले ते चुकतमाकत. पहिल्या दिवशी आपल्या सवयीने पुस्तक उघडलं आणि शेवट आधी दाखवला. हे रागावून भिंतीकडे वळले. मग सांगलीच्या दुकानातून मी हौसेने सातवा खंड घेऊन आले, मुखपृष्ठ चांगलं होतं म्हणून. कोण कोणाचं कोण, काही लागेना. ओवी फोनवर हसली. “आत्या, मालिका असते ती. पहिल्यापासून घ्यायची. आणि एकदम दहा मालिकांना हात लावू नकोस, एक धर.”

धरली ती दीपगृहाची. नऊ खंड. एका बेटावर दीपगृह राखणारा म्हातारा आणि त्याच्याकडे कामाला आलेली मुलगी, एवढीच गोष्ट. मजकूर इंग्रजीत आहे. माझं इंग्रजी बॅगांच्या ऑर्डरीपुरतं. ओवीने अर्थ सांगावा आणि मी संवादांच्या फुग्यांच्या बाजूला पेन्सिलने मराठी लिहावं, असं ठरलं. मुलगी शाळेतलं मराठी बोलते. म्हातारा मात्र साताऱ्याकडच्या मेढ्याचा झाला, कारण हे मेढ्याचे. “आवं, वारं सुटलंया, आत चला,” हे मी पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा यांचे खांदे हलले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच मी यांना हसताना पाहिलं.

हे नऊ खंड आणि कपाटातील बाकीची एकतीस पुस्तके माझे पती यांची आहेत. त्यांच्या हयातीत ती कोणी रद्दीत देऊ नयेत, कोणाला वाचायलाही देऊ नयेत.

कलम ३. वाचण्याची रीत. माझ्यामागे जो कोणी वाचेल त्याच्यासाठी. बसायचं यांच्या डावीकडे. पान उजव्या वरच्या कोपऱ्यातून सुरू करायचं. ज्या पानावर शब्दच नाहीत ते भरकन उलटू नये; यांना तिथेच सर्वांत जास्त वेळ लागतो. माणसाच्या कपाळावर घामाचा एक मोठा थेंब काढला असेल तर तो ओशाळलाय असं समजावं, आजारी नाही. मला ते कळायला दोन खंड लागले. हलती चित्रं, म्हणजे ॲनिमे, ओवीने टीव्हीवर लावून दिली होती. ती थांबत नाहीत, हे थकतात आणि डोळे मिटतात. खानावळ चालवणाऱ्या बहिणींची एक मालिका मात्र चालते, रोज एकच भाग, आवाज कमी ठेवून. सुरुवातीचं गाणं वगळू नये. त्यावर यांचा पाय ताल धरतो.

हे लिहिता लिहिता मी चारदा उठून खालच्या मजल्यावर जाऊन आले. काम काही नव्हतं.

कलम ४. मेढ्याची जमीन. ती माझी नाही, तिच्याबद्दल ठरवण्याचा मला अधिकार नाही. पण जे घडलं त्याची नोंद राहावी. माझे दीर नाथाजी गेल्या वर्षी चैत्रात दोन माणसं आणि हक्कसोडपत्राचे कागद घेऊन आले. जमिनीतला यांचा हिस्सा त्यांना हवा होता. चहा व्हायच्या आत त्यांनी विचारलं, “दादा, वाटणी माझ्याकडं करायची न्हवं?”

हे म्हणाले, “व्हय.”

“ऐकलं का वहिनी? आता हापिसात सायबापुढं येवढंच म्हणायचं हाय. खाली गाडी हुबी हाय.”

मी म्हटलं, “भावजी, ते सगळ्यालाच व्हय म्हणतात. तुम्हांला माहीत आहे.”

“मग न्हाई म्हणू द्या की.”

भांडण करावं तर घरात तीन पुरुष, आणि यांचा शब्द त्यांच्या बाजूचा. तेवढ्यात हे उठले. भिंत धरत कपाटापाशी गेले. डाव्या हाताने चौथा खंड काढला, तो खुर्चीवर टेकवला आणि पानं उलटू लागले. वेळ लागला. मग उघडलेलं पुस्तक यांनी नेऊन त्या कागदांवर ठेवलं आणि चित्रावर बोट दाबलं.

मला न बघताच कळलं ते पान कोणतं. किनाऱ्यावरची माणसं दीपगृहाच्या किल्ल्या मागायला आलेली असतात आणि म्हातारा आतून दाराला पाठ लावून उभा राहतो. पानभर एकच चित्र. शब्द नाही.

नाथाजी भावजी हसले. “पोरांचं पुस्तक हाय हे. दादाचं डोस्कं गेलंया.”

त्यांच्याबरोबर आलेले नानासो शेलार मेढ्याचेच. मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी पुस्तक उचललं, चष्मा लावला, चित्र पाहिलं, मग यांच्या तोंडाकडे पाहिलं. “नाथा,” ते म्हणाले, “दादा न्हाई म्हणत्यात. कागद उचल.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“दार लावलंया. आनी काय कळायचं ऱ्हायलं?”

तिघंही निघून गेले. नानासो मात्र दुसऱ्या महिन्यात एकटे आले, करवंदं घेऊन, आणि पुस्तक बघायला मागितलं. यांनी त्यांना स्वतः उजवीकडून उघडून दिलं. आता ते आले की दोघं दुपारभर वाचतात.

नाथाजी भावजींबद्दल माझ्या मनात राग आहे आणि तो ऑपरेशनच्या आधी जाईल असं वाटत नाही. त्यांना मी दीपगृहाच्या मालिकेचा पहिला खंड देते, नवी प्रत, बाजारातून आणलेली. आतल्या पानावर मी लिहिलं आहे, “उजवीकडून सुरू करा.” भावाशी बोलायचं असेल तर एवढं शिकून यावं. नसेल तर पुस्तक परत पाठवावं.

कलम ५. घर. कुपवाड येथील दुमजली घर माझ्या स्वकष्टाच्या मिळकतीतून घेतलेले असून माझ्या एकटीच्या नावे आहे. त्यात राहण्याचा हक्क माझे पती यांना तहहयात राहील. त्यांच्यानंतर घर ओवीच्या मालकीचे होईल. माझे पती तिच्याबरोबर साताऱ्यास राहावयास गेल्यास घर भाड्याने द्यावे आणि भाडे त्यांच्या देखभालीस लावावे. बँकेतील ठेवीही त्याच कामी लावाव्यात.

हे कलम तिला विचारून लिहिलं आहे. आधी ती म्हणाली, “आत्या, मामांना मी सांभाळीन, पण घर नको. लोक म्हणतील घरासाठी केलं.”

मी म्हटलं, “लोक म्हणू देत. तू घर घेतलं नाहीस तर नाथाजी भावजी दुसऱ्याच दिवशी दारात येतील.”

मग ती म्हणाली, “मला भीती वाटते. तुझ्यासारखं वाचता येईल का? म्हाताऱ्याची बोली मला नाही जमत.”

मी तिला बसवून एक पान वाचायला लावलं. हे ऐकत होते. तिच्या तोंडी तो म्हातारा बँकेतल्या साहेबासारखा वाटत होता. पण यांनी तिला मध्येच थांबवलं नाही, पान संपेपर्यंत बोट फिरवत राहिले. घर घ्यायला ती तयार झाली ती त्यानंतर.

कलम ६. मशीन. जाड कापड शिवायची तिन्ही मशीन, कात्र्या, बक्कलांचे डबे आणि कापायचं टेबल राहीबाई यांना. अठरा वर्षं त्या माझ्याबरोबर बसल्या. मधल्या मशीनची सुई ढिली होते, ते त्यांना माहीत आहे. सध्याच्या ऑर्डरीतल्या शाळेच्या दप्तरांना दुहेरी शिलाई मारावी, घाई करू नये.

कलम ७. व्यवस्था. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ओवीने करावी, अडचण आल्यास रेश्माताईंचा सल्ला घ्यावा. यापूर्वीची कोणतीही लिखापढी रद्द समजावी. माझ्या दहाव्याला भाषणं नकोत. यांना गर्दीत बसवून कोणी “बरे आहात ना” असं विचारू नये. ते व्हय म्हणतील आणि सगळ्यांचं समाधान होईल.

कलम ८. हे कलम आज सहीच्या वेळी हाताने लिहिते आहे. रेश्माताईंनी वरील सर्व मजकूर यांनाही मोठ्याने वाचून दाखवला, कारण यांना न सांगता काही करायचं नाही असं मी ठरवलं होतं. दीपगृहापर्यंत हे ऐकत होते. ‘माझ्यामागे’ हा शब्द आला तसे उठले, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, मग येऊन माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. मागितलं तर खिशावर हात ठेवला. साक्षीला आलेल्या नानासोंनी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, उपयोग झाला नाही.

हे मृत्युपत्र माझ्या पतींना मान्य नाही, याची नोंद असावी. खालील सही मी रेश्माताईंच्या पेनने करते आहे.

ठिकाण : कुपवाड, जि. सांगली
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

(सही) शकुंतला धनाजी सपकाळ

आम्हां दोघांच्या समक्ष लिहून देणार यांनी सही केली आणि त्यांच्या समक्ष आम्ही केली :

साक्षीदार १. नानासो शेलार, राहणार मेढा, ता. जावळी, जि. सातारा
साक्षीदार २. डॉ. ऋषिराज पाटील, राहणार सांगली