शिफाची जागा

२ नोव्हेंबर, रविवार

यादी आली. सतरा वर्षांखालच्या मुलींच्या भारतीय फुटबॉल संघाचा कॅम्प, हैदराबादला. महाराष्ट्रातून तिघी. त्यात आमच्या अकादमीची एक – शिफा. माझं नाव खाली, वेगळ्या रकान्यात. राखीव. म्हणजे कुणाचा पाय मोडला तर.

श्रीमंत सरांनी पेढे वाटले. अकादमी त्यांची, त्यामुळे शिफाही त्यांचीच. पहिल्याच दिवशी ओळखलं होतं म्हणे मी हिला. खोटं! पहिल्या दिवशी त्यांनी तिला गोलात उभं केलं होतं, कारण ती उंच. दोन महिने ती तिथं कंटाळली, आणि एक दिवस बॉल घेऊन निघाली ती थेट समोरच्या गोलात. तेव्हा ओळखलं.

अकादमी म्हणजे भिंगारच्या पुढं मंगल कार्यालयामागच्या तीन खोल्या आणि एक मैदान – अर्धं हिरवं, अर्धं मुरमाचं. गेटवर एका परदेशी खेळाडूचा भलामोठा फोटो. त्या बिचाऱ्याला नगर कुठं आहे हेही माहीत नसणार.

मी आणि शिफा चार वर्षं एका खोलीत. ती सोनईची, मी जामखेडची. दोघीही मिडफिल्डला. तिनं अर्धा पेढा माझ्या तोंडात घातला. खाल्ला. करणार काय.

४ नोव्हेंबर, मंगळवार

फ्लेक्स लागला. शिफाचा चेहरा रुपयाएवढा, सरांचा परातीएवढा.

८ नोव्हेंबर, शनिवार

बंगळुरूच्या एका क्लबच्या बाई आल्या. पांढरे बूट, हातात वही. पाऊण तास आमची मॅच बघितली. मी आज जीव तोडून पळाले. शिफा नेहमीसारखी – चालते, थांबते, मान वळवते, आणि बॉल आपोआप तिच्या पायाशी येतो. चीड येते तिच्या त्या चालण्याची.

मॅचनंतर बाईंनी मला नाव विचारलं, नंबर लिहून घेतला. मग शिफाला बाजूला घेऊन अर्धा तास बोलल्या. तिला करार द्यायचाय. तीन वर्षं. राहणं, शिकणं, पगार. अट एकच – डिसेंबरच्या एक तारखेला हजर व्हायचं. कॅम्पही तेव्हाच सुरू होतो. कॅम्पसाठी क्लब सोडणार नाही.

आता बघू. भारताचा कॅम्प सोडून क्लबला कोण जाईल? कुणीही जाणार नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ती क्लबला जाणार आहे.

मोजे धुताना सांगितलं, जसं काही उद्या डाळ-भात आहे असं. मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का? तर म्हणते कशी, "कॅम्पात चाळीस पोरी. तेवीस ठेवतात. बाकी सतरांना घरी पाठवतात. त्या सतरांत मी असले तर सोनईत बसून काय करू? क्लब तीन वर्षं ठेवतो, बारावी करून देतो."

"आणि भारत?"

"भारत कुठं चाललाय? चांगली खेळले तर परत बोलावतील."

भारत म्हणजे काय एसटी आहे? ही चुकली तर मागची पकडू? मी राखीव म्हणून रोज त्या यादीकडे बघते आणि हिला पहिल्या रकान्यातलं नाव जड झालंय! बोलणं बंद केलं मी. जिला एवढं समजत नाही तिच्याशी काय बोलायचं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सरांनी मैदानात सगळ्यांना बसवून भाषण दिलं. देश आधी, स्वार्थ नंतर. शिफाचं नाव घेतलं नाही, पण बघत तिच्याकडेच होते. सरांना देशाचं काही नाही. कॅम्पला गेली की अकादमीचं नाव पेपरात येतं, क्लबला गेली की येत नाही. एवढंच. तरी आज त्यांचं बरोबर होतं. चुकून कधीतरी बरोबर होतं त्यांचं.

संध्याकाळी खेळाडू-पालक ग्रुपवर मी लिहिलं: 'काहींना देशापेक्षा पगार मोठा वाटतो. अशांना भारताची जर्सी कधीच मिळू नये.'

एकवीस अंगठे आले. पहिला सरांचा.

शिफा समोरच बसली होती, हातात मोबाईल. तिनं वाचलं. उठून बूट घासायला लागली. घास. कितीही घास.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

माझं वाक्य परत आलं. जामखेडच्या मामेबहिणीनं पाठवलं – ही तुझ्याच अकादमीतली ना गं, असं विचारत. वर शिफाचा ईदचा फोटो, पूर्ण नाव, गाव, बापाचं नाव. खाली माझं वाक्य. फक्त 'काहींना'च्या जागी 'या लोकांना' केलेलं. पुढं आणखी दोन ओळी. त्या इथं लिहिणार नाही.

कोण आहेत ही माणसं? आयुष्यात बॉलला पाय लावलेला नाही. चालताना धाप लागते आणि निघालेत भारताची टीम निवडायला. शिफाचं ऑफसाइड काय, पास काय, कुणाला ठाऊक? नाव वाचलं आणि सगळं कळलं यांना.

मी 'काहींना' लिहिलं होतं. मी तसं म्हटलंच नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ग्रुपवरचा मेसेज काढून टाकला. काढून टाकल्याचं तिथं दिसतं. सगळ्यांना.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शिफाचे अब्बा येऊन तिला घेऊन गेले. नूरमहंमद चाचा घोडेगावच्या मार्केटला कांदा वाहतात. टेम्पो गेटबाहेरच लावला, आत आणला नाही. सोमवारी मार्केटमध्ये चार पोरांनी टेम्पो अडवला. मोबाईल तोंडासमोर धरून विचारलं, पोरगी कुणाकडून खेळनार हाय सांगा. चाचा काही बोलले नाहीत तर ताडपत्रीची दोरी कापली. दहा गोण्या रस्त्यावर. हे त्यांनी सरांना उभ्याउभ्या सांगितलं. बस कधी येते ते सांगावं तशा आवाजात.

सरांनी काय करावं? वातावरण तापलंय म्हणाले, थोडे दिवस घरी राहिलेली बरी. फ्लेक्स परवाच उतरवलाय. त्याची गुंडाळी स्टोअरमध्ये सरावाच्या प्लॅस्टिक कोनांवर टाकलीय. दोन आठवड्यांपूर्वी हाच माणूस तिचा पेढा खात होता.

सामान उचलायला मी पुढं झाले नाही. दारात उभी होते. जाताना चाचांनी विचारलं, "बेटी, तू जेवलीस का?" चार वर्षं भेटले की हेच विचारतात. मी हो म्हटलं. जेवले नव्हते.

२३ नोव्हेंबर, रविवार

सोनईला जाऊन आले. सरांना सांगितलं, दात दुखतोय.

घर मागच्या आळीला, दोन खोल्यांचं. शिफाच्या अम्मीनं, सकीना चाचींनी, थेट ताट वाढलं. मटकी, भाकरी, कांदा. माझ्या शेजारी बसून मी खाते की नाही बघत राहिल्या. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं. त्या लिंबू पिळत होत्या.

शिफा कॉलेजच्या मैदानावर जात नाही. मागच्या बोळात भिंतीवर बॉल मारते. आम्ही दोघी तिथं पायरीवर बसलो. कॅम्प नको म्हणाली, तिथं सारखे फोटो काढतात. आणि क्लब? कराराचा कागद आलाय, अठराची व्हायचीय म्हणून अब्बांची सही लागते. अब्बा रोज कागद काढतात, वाचतात, परत घडी घालतात. एवढ्या लांब एकटी, आणि फोटो असा गावभर. हात उठत नाही म्हणतात.

राग काढायला मला सगळे सापडले होते – सर, ती मार्केटची पोरं, ते फॉरवर्डवाले. मी एकेकाला शिव्या देत बसले. शिफानं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"एक विचारू? तू लिहिलंस ते तुला खरंच तसं वाटत होतं, का माझ्यावर जळत होतीस?"

"खरंच वाटत होतं."

"देशाचं?"

"देशाचं."

तिनं मान हलवली. "मग ठीक हाय. मला वाटलं, जळून लिहिलंस. त्याचंच लई वाईट वाटत होतं."

स्टँडपर्यंत सोडायला आली. ओढणी तोंडावर घेऊन. चार वर्षांत तिनं तोंड झाकलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

शाळेत संविधान दिन. उद्देशिका वाचायला मलाच उभं केलं – दरवर्षी मलाच करतात, आडनावावरून. 'बंधुता'पाशी अडखळले, ती ओळ परत वाचली. बाईंना वाटलं भावना दाटून आल्या. पाठीवर थाप दिली. कुणाला काहीही वाटतं.

दुपारी मेल आला. शिफाच्या जागी कॅम्पला मी. राखीवमधून वर. कुणाचा पाय मोडावा लागला नाही.

श्रीमंत सरांनी पुन्हा पेढे आणले. पहिल्याच दिवशी ओळखलं होतं म्हणे मला. आईचा जामखेडहून फोन – "समद्या गल्लीला सांगितलं म्या. पप्पा ड्युटीवरच रडले. आता त्या सरान्ला म्हनावं, आपल्याकडंबी एक फ्लेक्स लावा." मी म्हटलं, लावतील की, त्यांचंच तोंड मोठं असतं. आई हसली. ती माझ्यासाठी खरंच खुश आहे. तिच्यावर चिडता येत नाही, हीच पंचाईत.

शिफाचा मेसेज आला: 'रात्री खूप गार असतं तिथं, स्वेटर ने. आणि पहिल्या दहा मिनिटांत पळून दमू नकोस.'



२७ नोव्हेंबर, गुरुवार

बंगळुरूच्या बाईंचा फोन. शिफाच्या घरून नकार आलाय. जागा रिकामी आहे. तीन वर्षं. कॅम्प मात्र सोडावा लागेल. घरी बोल, दोन दिवसांत कळव, म्हणाल्या.

दोन दिवस लागले नाहीत. फोन ठेवायच्या आत मी हो म्हटलं.