सोलरवरची शाल

प्रिय बेगिमाय,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र मॉस्कोला परत निघालेल्या आपल्या गावच्या मिर्लानच्या हाती देते आहे. तुझ्या बाबांना जाऊन आठवडा उलटला आणि मला अजून रडू आलेलं नाही. रीतीप्रमाणे मी तंबूत भिंतीकडे तोंड करून बसले होते, बायका शोकगीतं म्हणत होत्या, मी आपली ऐकत होते, दुसऱ्या कुणाच्या घरी गेल्यासारखी. आज लोणी काढलं. मीठ घातलं की नाही, आठवत नाही.

तू लावून गेलेलं सोलर तंबूबाहेर तसंच आहे. ते लावताना बाबांनी तुला विचारलं होतं, "उन्हात तापून वीज होते होय गं?" तू म्हणालीस, तापायचं काही काम नाही, उलट थंडीत ते जास्त चांगलं चालतं. उजेड काचेखालच्या चकत्यांवर पडला की आतले बारीक कण सुटे होतात, आणि चकतीची घडणच अशी की ते एकाच बाजूने पळतात. ते पळणं म्हणजे वीज. बाबा म्हणाले, "म्हणजे मेंढरंच की. हुसकायची, अन् दार एकच!" मग उन्हाळाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले, जसा काही शोध त्यांचाच.

माणूस गेलं की आरसे झाकायचे, ही आपली रीत. उल्कान आत्याने आतला आरसा झाकला, बाहेर आली, सोलरच्या काचेत तिला स्वतःचंच तोंड दिसलं, आणि तिने अंगावरची काळी शाल त्याच्यावर टाकली. उजेड अडला, वीज थांबली. जुनी बॅटरी कितीशी टिकणार? फोन बंद पडला. मी आत बसलेली, मला काय कळणार. खाली गावात निरोप घोड्यावरून गेला, आणि बेगिमायला आईने कळवलंच असेल असं सगळ्यांनी धरलं. दफन झाल्यावर बाहेर आले तेव्हा शाल पाहिली, आणि फोन सुरू होईपर्यंत तुला दुसऱ्याच कुणाकडून कळलं होतं. बाबांचा तुझ्या लग्नावरचा राग मी त्यांच्या मातीपर्यंत पाळला, मुद्दाम कळवलं नाही, असं तुला वाटतंय. तसं नाही गं.

आत्याला यातलं काही माहीत नाही. शाल मी तिला गुपचूप घडी करून दिली. एकुलत्या भावाची माती आपल्या हातून भाचीला चुकली, हे कळलं तर ती जगायची नाही. म्हणून एक मागते. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला ये. लोक म्हणतील, पोरगी बापाच्या मातीला आली नाही. आत्या तर सगळ्यांत मोठ्याने म्हणेल. ते ऐकून घे. सुट्टी मिळाली नाही म्हण. आणि त्याआधी एकदा फोन उचल. तुझा आवाज ऐकला तर मला रडू येईल, असं वाटतं.

तुझीच,
आई