बांधाकडचं खाचर

मळवली
ता. ९ जुलै २०२३

ती. रेणुकाताईंना,
अमृताचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र बघून हसाल. पण घरातला एकच फोन तुमच्या मातोश्रींच्या, म्हणजे माझ्या आत्याबाईंच्या कनवटीला असतो, आणि तुमचा फोन आला की त्या स्पीकर लावतात. मग नणंद-भावजयींनी बोलायचं काय, तर भात शिजला आणि पाऊस पडतोय. म्हणून हा कागद. उत्तर अंगणवाडीच्या पत्त्यावर प्रतीक्षाच्या नावानं टाका. ती सेविका असली तरी तोंडाची पक्की आहे.

आबांच्या टीबीच्या गोळ्या संपल्या. थुंकी साफ आली. आता ते पुन्हा बंगल्याच्या राखणीवर जातात आणि मालकाच्या कुत्र्याला सुनेपेक्षा जास्त जीव लावतात.

मुख्य बातमी अशी की मी पुण्याला जाऊन तुमच्या प्रयोगशाळेच्या लशीची सुई घेऊन आले. ज्या घरात टीबी होऊन गेला त्या घरातल्या निरोगी माणसांवर नवी लस तपासायची, म्हणून तुम्ही आम्हा नवराबायकोची नावं दिली होतीत. दवाखान्यात आधी छातीचा फोटो काढला, थुंकी आणि रक्त घेतलं, आणि मग टोचलं. बाटलीत लस आहे की मिठाचं पाणी, हे टोचणाऱ्या बाईंनाही ठाऊक नसतं म्हणे. मला गंमत वाटली.

तुमचे बंधुराज मात्र आले नाहीत. आत्याबाई म्हणाल्या, आदी तू जाऊन ये, सुहासचं मागनं बगू. ताई, या घरात मी शेवटी जेवते, अंघोळीला शेवटी जाते, टीव्हीपुढे जागा उरली तर बसते. पहिल्यांदाच माझा पहिला नंबर लागला. निघताना त्यांनी डब्यात दोन उकडलेली अंडी घातली. गाडीत डबा उघडला आणि मला रडू आलं. आल्यापासून त्या रोज कपाळाला हात लावून बघतात, भूक लागते का, चक्कर येते का, विचारतात. माझ्या आईनंही इतकं कधी विचारलं नव्हतं.

लावणी चालू आहे. बंधुराजांनी नवं बियाणं आणलं, पण मोठ्या खाचरात लावायची परवानगी नाही. तुमच्या मातोश्रींचा नेम तुम्हाला माहीत आहे. नवं काहीही असो, बी असो की खत, आधी बांधाकडच्या खाचरात. तिथे पाणी टिकत नाही, आलं तर आलं आणि गेलं तर कुणी हळहळत नाही.

माया आहे तशीच दाट राहू द्या.
तुमची,
अमृता


पुणे
ता. १६ जुलै २०२३

चि. सौ. अमृतास,
रेणुकाताईचा सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर बघून बरं वाटलं. दोन अंडी घातली म्हणतेस? आईनं मला बोर्डाच्या परीक्षेला एकच दिलं होतं, याची नोंद घे.

तू सुई घेतलीस, फार छान केलंस. आमचं काम काय, असं तू मागे विचारलं होतंस. ऐक. आपल्या अंगात राखणदार पेशी असतात. जंतू आला की त्या त्याला गिळतात आणि आतल्या पिशवीत आम्ल ओतून जिरवतात. टीबीचा जंतू मोठा बेरकी. तो मुकाट गिळू देतो, पण आत गेला की आम्ल त्या पिशवीपर्यंत पोचूच देत नाही. राखणदाराच्याच घरात बिऱ्हाड थाटतो आणि वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो. माणूस हसतखेळत असतो, त्याला पत्ताही नसतो. तो उठायच्या आत त्याला ओळखायला त्या पेशींना शिकवायचं, यासाठी ही लस. शिकतात की नाही, ते अजून आम्हालाही ठाऊक नाही, म्हणूनच तर तुमच्यासारख्यांचे पाय धरतो.

पण सुहास का आला नाही? दोघांनी एकाच दिवशी यायचं ठरलं होतं. फोनवर विचारलं तर आई म्हणाली, लावणी हाय. लावणी तुलाही होतीच की. आमच्याकडची लस घेणाऱ्यांची भरती दसऱ्याला बंद होणार आहे. नंतर मी संचालकांच्या दारात लोळण घेतली तरी उपयोग नाही. त्याचा कान धरून पाठव.

आबांच्या पाठीवर ऊब राहील असं बघ. तुझ्यावरचा जीव वेगळा लिहीत नाही.
रेणुकाताई


मळवली
ता. ३ नोव्हेंबर २०२३

ती. रेणुकाताईंना,
सविनय जयभीम. वि. वि.

सुहासना टीबी झाल्याचं तुम्हाला फोनवर कळलंच. जे फोनवर कळलं नाही ते लिहिते.

खोकला गणपतीपासून होता. चिक्कीच्या भट्टीवर पाकाचा धूर लागतो, असं ते सांगत राहिले. कारखान्यात कळलं तर घरी बसवतील ही भीती. मी तुमच्याकडे यायचा विषय काढला की आत्याबाई म्हणायच्या, दिवाळी हू दे. दसरा गेला, तुमची भरती बंद झाली, आणि मागच्या आठवड्यात बेसिनमध्ये रक्त पडलं. डॉक्टर म्हणाले, डाव्या बाजूला मोठं भगदाड पडलंय, इतके दिवस काय करत होतात?

घरी आल्यावर आत्याबाईंनी त्याचं उत्तर शोधलं, आणि ते मी आहे. लस म्हणजे रोगाचेच जंतू, ते हिनं अंगात भरून आणले आणि माझ्या पोराला दिले, असं त्या आळीभर सांगत सुटल्या आहेत. माझी ताटवाटी वेगळी केली. मी पडवीत झोपते. आजारी ते आणि पडवीत मी. चौदा एप्रिलला विहारात उभं राहून बाईच्या हक्कावर त्याच बोलतात, आणि आम्ही टाळ्या वाजवतो.

सुहास हे सगळं ऐकतात. खोकतात आणि भिंतीकडे तोंड करतात.

ताई, माझ्या बाटलीत काय होतं, तेवढं मला सांगा. नुसतं पाणी होतं असं तुमच्या तोंडून आलं तर आत्याबाई ऐकतील. माझं घर त्या बाटलीवर अडलंय.
अमृता


पुणे
ता. ८ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. अमृतास,
सप्रेम जयभीम, अ. आ.

तुझं पत्र मिळालं. लगेच आईला फोन केला, ओरडले, तिनं फोन ठेवला.

पहिलं हे पक्कं समज, आणि कुणी विचारलं तर ठणकावून सांग. या लशीत जंतू नाहीच. जिवंत नाही, मेलेलाही नाही. जंतूच्या अंगावरच्या प्रथिनांचे दोन तुकडे प्रयोगशाळेत बनवून त्यात घातलेत. चोराच्या चपला घरात आल्या म्हणून चोरी होत नाही. सुहासला रोग आला तो बहुधा आबांकडून, तुझी सुई ठरायच्याही आधी. आबांच्या आजारात आरोग्य केंद्राच्या आशाताई घरच्यांच्या तपासणीला आल्या होत्या, तेव्हा सगळी ठणठणीत हाईत म्हणून आईनंच त्यांना दारातून परत पाठवलं होतं.

दुसरं लिहिताना जीव तुटतो. तुझ्या बाटलीत काय होतं ते मला माहीत नाही आणि मला कळू शकत नाही. सगळ्यांची तपासणी पुरी होईपर्यंत ते कुलपात असतं. आधी उघडलं तर हजारो लोकांचे कष्ट मातीत जातील. मी हात जोडून विचारून पाहिलं. नाही म्हणाले, आणि त्यांचं बरोबर आहे. आपलं माणूस पडवीत झोपत असताना बरोबर असण्याचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

आणि आता मला सलतं ते असं. लस आणि पाणी दोन्ही सोड. सुहास जुलैमध्ये तुझ्याबरोबर आला असता तर टोचण्याआधी त्याच्या छातीचा फोटो निघाला असता. डाग बहुतेक तेव्हाच दिसला असता, लहान असताना. सुई नाही, तो फोटो चुकला.

त्याच्या गोळ्या एकही दिवस चुकू देऊ नकोस. आणि स्वतः पोटभर जेव.
तुझी,
रेणुकाताई


कुरवंडे
ता. २० डिसेंबर २०२३

ती. रेणुकाताईंना,
सविनय जयभीम.

पत्त्यावरून कळलंच असेल. माझा भाऊ गोरख मला माहेरी घेऊन आला. म्हणजे आत्याबाईंनी त्याला बोलावून घेतलं, पोरगा बरा हुईस्तवर ठेवा म्हणाल्या. सुहास ओट्यावर बसून होते. मी पिशवी उचलली तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. पोचल्यावर फोन कर, एवढंही म्हणाले नाहीत.

चपलांचं उदाहरण मी आत्याबाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, शिकलेल्या नणंदेनं पढवलंय. त्यांना प्रथिनं नकोत, पाणी हवंय. तेव्हा तुमचं कुलूप उघडेपर्यंत मी इथे. इथे फोन आहे, पण फोनवर मला रडू येतं आणि राग राहून जातो. कागदावर राग नीट मांडता येतो.

तुमच्या सगळ्या तपासण्यांना मी येईन. सही केली आहे.
अमृता


पुणे
ता. १४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. अमृतास,
सप्रेम जयभीम, अनेक आशीर्वाद.

कुलूप उघडलं. पाणी होतं, अमृता! तुला मिठाचं पाणीच टोचलं होतं. दवाखान्याचं रीतसर पत्र येईल, पण मला कळवायची परवानगी तू लिहून दिली होतीस, म्हणून मी आधी धावले. लशीचं म्हणशील तर ती आम्हाला वाटलं होतं तेवढी लागू पडली नाही. प्रयोगशाळेत सगळे तोंड पाडून बसलेत. मी मात्र तुझं नाव वाचून हसले.

लगेच आईला सांगितलं. ती म्हणाली, पानीच व्हतं व्हय, मग यिऊ दे की तिला, माजं काय वाकडं हाय तिच्याशी? सुहासची थुंकी कधीच साफ झाली आहे, पण डावं फुप्फुस कामातून गेलं. स्टेशनचा जिना चढताना दोनदा थांबतो. कारखान्यानं परत घेतलं नाही. आता आबांच्या जागी बंगल्यावर बसतो.

आता जे लिहिते ते लिहू नये असं वाटत होतं. पण लपवून तुला घरी आणलं तर मी तुझी कोण? परवा तपासणीला आला तेव्हा सुहास माझ्यापुढे बसून रडला. म्हणाला, मला तोंड नाही, तू सांग. तू सुई घ्यायला गेलीस त्याच्या आदल्या दिवशी घरात बोलणं झालं होतं. तू विहिरीवर होतीस. आई म्हणाली, नवं बी आदी बांदाकडच्या खाचरात टाकत्यात, तिला जाऊ दे, दिवाळीपत्तर बगू, तिला न्हाई काय झालं तर मग पोरगा जाईल. आबा म्हणाले, असं बरं न्हाई. सुहास काहीच म्हणाला नाही.

ती माझी आई आहे, तिची बाजू घ्यायला मला शब्द सापडत नाहीत. एवढंच म्हणते की ती दुष्ट नाही, भित्री आहे. सुहास तुझी वाट बघतोय. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आत येशील का? मी स्वतः येऊन घेऊन जाईन.
तुझीच,
रेणुकाताई


कुरवंडे
ता. २८ सप्टेंबर २०२५

प्रिय रेणुकाताई,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी भातातलं तण काढत, बेणणी करत होते. चिखलाच्या हातांनीच फोडलं. पाणी होतं, एवढं वाचून मी बांधावरून गोरखला हाक मारली, म्हटलं माझी पिशवी काढ. मग पुढचं वाचलं. तो पिशवी घेऊन आला तेव्हा मी खाली बसले होते.

ताई, मी दोन वर्षं त्या पाण्याची वाट बघितली. वाटायचं, पाणी निघालं की मी सुटले. आता निघालं आणि माझ्या लक्षात आलं की माझ्यावरचा आळ खोटा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते दुसरंच. त्या दोन अंड्यांवर मी गाडीत रडले होते. त्या रोज कपाळाला हात लावायच्या, आणि मी मुद्दाम जरा थांबायचे, हात अजून थोडा वेळ राहावा म्हणून. बांधाकडच्या खाचरातलं रोप जगतंय का, ते बघायला येत होत्या त्या. मला त्या हाताची लाज वाटते, आणि माझी त्याहून जास्त.

आत्याबाई भित्र्या आहेत, मान्य. पण त्यांनी निदान त्यांच्या पोरासाठी भ्यायचं ठरवलं. सुहासनी कुणासाठीच काही ठरवलं नाही. एक शब्द बोलले असते, की दोघं मिळून जाऊ, तर आज त्यांचं फुप्फुसही वाचलं असतं. मला त्यांचा भयंकर राग येतो आणि ते जिन्यावर थांबतात हे वाचून वाईटही वाटतं. दोन्ही खरं आहे. त्यांना सांगा, थंडीत मफलर घालून बसा, आणि माझी वाट बघू नका.

मी येणार नाही. तुम्ही या, पण मला न्यायला नाही, जेवायला म्हणून या. इथे नागफणीचा कडा बघायला येणाऱ्या लोकांसाठी वहिनी आणि मी स्वयंपाक करतो. लोक जेवले की आम्ही घरची सगळी एकाच पंगतीत बसतो, कुणी मागे राहत नाही. तुम्हाला अंडी हवी तेवढी देईन.

लस फसली म्हणून तोंड पाडून बसू नका. पुढची कराल. तिला माणसं लागतील तेव्हा मला कळवा, लस असो की पाणी, मी दंड पुढे करीन. फक्त तेव्हा दारात नाव विचारलं तर एवढं लिहून घ्या की ही आपली आपण आली आहे, हिला कुणी पुढे धाडलेलं नाही.

नातं त्या घराचं होतं ते संपलं. तुमचं माझं राहू द्या.
अमृता